खिडक्या लावणारे सर

आमच्या कॉलेजात गणिताचे एक सर आहेत. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला अपूर्णांक नि सोपी समीकरणं शिकवतात. त्याआधी व्हरांड्याकडच्या खिडक्या लावून घेतात, भर उकाड्यातसुद्धा. दार तेवढं उघडं, एसटीने उशिरा येणाऱ्यांसाठी. उत्तर चुकलं तर 'चूक' म्हणत नाहीत. "जवळ येऊन राहिला, बाबू," म्हणतात.

मी तिथेच इतिहास शिकवतो, जीभ जरा सैल. मला वाटे, यांना वाऱ्याचंच वावडं. एकदा दारातून ओरडलो, "काय सर, कॉलेजात पाढे?"

व्हरांड्यातली पोरं खो खो हसली. लाखांदूरहून येणारी एक मुलगी मान खाली घालून बॅग भरू लागली. ही आता परत येत नाही, हे मलाही कळलं. खिडक्या कशासाठी, तेही.

सर मात्र हसले. "या ना सर, बाहेर काहून उभे?" खडू माझ्या हाती दिला. फळ्यावर अर्धा अधिक एक तृतीयांश. मी ऐटीत वरचे वर, खालचे खाली मिळवले आणि दोन पंचमांश लिहिलं.

"सर जवळ येऊन राहिले," ते गंभीरपणे म्हणाले. "कोण मदत करते त्यायले?"

वर्ग खिदळला. बॅग भरणारी मुलगीच उठली. "सर, अर्ध्यात मिळवलं तर अर्ध्याहून कमी कसं होईन? छेद सारखे करा ना आधी." तिने पाच षष्ठांश लिहिलं आणि जागेवर जाऊन वही काढली.

व्हरांड्यातली पोरं अजून डोकावत होती. मी मुकाट्याने दार लावून घेतलं. आतून.