हप्त्यावरचे एकोणसाठ रुपये

“ये नहीं समझेंगी. अनपढ़ हैं.”

हे माझ्याबद्दल बोललं गेलं. माझ्यासमोर, भर ऑफिसात, दहा-बारा माणसांत. बोलणारा मिलिंददादा, गाड्यांना कर्ज देणाऱ्या कंपनीच्या भंवरकुआं भागातल्या शाखेचा मॅनेजर. त्याच्या हातात त्याचा डबा होता. डब्यातल्या पोळ्या मी सकाळी लाटलेल्या.

बारा वर्षं मी त्यांच्या घरी पोळ्या केल्या. बड़ा गणपतीच्या देवळामागे त्यांचं घर. पूर्वज इथल्या संस्थानच्या दरबारात होते म्हणून त्याच्या आईला सगळे वहिनीसाहेब म्हणतात. मीही. मिलिंददादा कॉलेजात होता तेव्हापासून त्याची पहिली पोळी तूप लावून वेगळी ठेवायची मी. तो मला मावशी म्हणायचा. बाहेर सगळा कारभार हिंदीत, त्या घरात मात्र माझ्याशी मराठीत बोलायचे. त्या मराठीवर मी भाळले. वाटायचं, आपलीच माणसं.

माझा नवरा भंवरकुआंच्या होस्टेलांत डबे पोचवतो. डबे मी घरी बनवते. सायकलवर भाजी गार व्हायची, मुलं दुसरीकडे डबा लावायची. म्हणून मोटरसायकल घ्यायची ठरली. नवऱ्याचे कागद पुरे नव्हते, म्हणून कर्ज माझ्या नावावर झालं. मिलिंददादानंच करून दिलं. मी सगळ्या कागदांवर सह्या केल्या. अंगठा नाही. सह्या.

पहिल्या हप्त्याला मी विचारलं, “दादा, पैसे कुठे भरायचे?”

“मावशी, आता सगळं ऑनलाइन. ऑफिसात कॅश घेणं बंद झालंय. माझ्याकडे देत जा, मी मोबाइलवरून भरीन. वर एकोणसाठ रुपये लागतात, ते कंपनी घेते. सगळ्यांनाच लागतात.”

मी देत गेले. चौदा महिने. त्या घरचे मला महिन्याचे अठराशे मिळायचे, म्हणजे दिवसाचे साठ. दर महिन्याला एका सकाळच्या पोळ्या मी त्या कंपनीसाठी लाटत होते. पैसे भरायचे, आणि भरण्याचेही पैसे द्यायचे, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. नवऱ्याला बोलले. तो म्हणाला, “अरे यार, सिस्टम है. तुला काय कळतं त्यातलं?” मी पैसे देत राहिले. गप्प बसायची मला सवय आहे. चारचौघांत बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटते.

त्या दिवशी पाच तारीख होती. हप्त्याचा दिवस. दादा डबा विसरून गेला. वहिनीसाहेब म्हणाल्या, “तुझे यजमान त्या बाजूला जातातच. त्यांच्या गाडीवर बसून जा नि देऊन ये. हप्त्याचे पैसेही तिथंच त्याच्या हातात दे.”

दारावरचा गार्ड म्हणाला, “अम्मा, डब्बा यहीं रख दो.”

“साहब के हाथ में देना है.”

त्यानं मला भिंतीशी उभं राहायला सांगितलं. खुर्च्या रिकाम्या होत्या. बस म्हणाला नाही, मीही बसले नाही.

भिंतीशी उभी राहिले म्हणून पाटी दिसली. हिंदीत, मोठ्या अक्षरांत. मी बोट फिरवल्याशिवाय वाचू शकत नाही. लाज वाटली, म्हणून पदराखाली बोट फिरवलं. “शाखा में नकद किस्त जमा करने पर कोई शुल्क नहीं लगेगा.” शुल्कपाशी अडले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी निःशुल्क दवाखाना आहे, त्याची पाटी आठवली. मग कळलं, इथं रोख हप्ता भरला तर वर काहीच लागत नाही. पुन्हा वाचलं. तेच होतं.

काउंटरवर एक माणूस नोटा देत होता. बोटात कारची किल्ली. त्याच्यासाठी चहा आला होता. त्यानं पावती घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि गेला. म्हणजे कॅश बंद नव्हती. माझ्यापुरती बंद होती.

दादा बाहेर आला. डबा घेतला. मी हळूच म्हटलं, “दादा, आजचा हप्ता मी इथंच भरते.”

“घरी बोलू ना, मावशी.” तो हसला.

मी हलले नाही. तेव्हा तो काउंटरवरच्या बाईकडे वळला आणि ते म्हणाला. “ये नहीं समझेंगी. अनपढ़ हैं. मैं ऑनलाइन डाल दूँगा.”

मी चौथी पास आहे. बापाची मिल बंद पडली तेव्हा मराठी शाळेतून माझं नाव काढलं. अक्षरं कोणी काढून घेतली नव्हती.

मी पाटीकडे तोंड केलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. बोट वर करून. आवाज फाटला. ‘नकद’वर अडखळले, पुन्हा म्हटलं. मागून एक जण बोलला, “अरे भिया, अम्मा तो क्लास ले रही हैं!” लोक हसले. मी शेवटच्या शब्दापर्यंत गेले.

हसणं थांबलं. मागून बोललेला तोच माणूस उठून पाटीजवळ आला. “सच में? मेरे तो हर महीने कट रहे हैं.”

काउंटरवरच्या बाईनं हात पुढे केला. मी हप्ता दिला. पावती आली. तिच्यावर माझं नाव होतं.

दादा माझ्याजवळ आला. आता मराठीत, हळू आवाजात. “मावशी, आम्हाला वरून टार्गेट असतं, सगळे हप्ते ऑनलाइन हवेत. आणि एकोणसाठ रुपये म्हणजे असे काय हो?”

हे त्यानं मला विचारलं. मला.

त्यानं पैसे खाल्ले नव्हते. खाल्ले असते तर चोर म्हणून मोकळी झाले असते. त्याला मला सांगायची गरजच वाटली नाही. माझ्या हातची पोळी खाताना चौदा महिन्यांत एकदाही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीसाहेबांनी कणकेच्या परातीसमोरच मला धरलं. “घरच्या माणसाची अशी शोभा करतात का ग? त्याचे साहेब काय म्हणतील? काय कमी केलं आम्ही तुला?”

“घरची असते तर त्यानं मला सांगितलं असतं,” मी म्हटलं. हात धुतले. कणीक तशीच ठेवली आणि निघून आले.

नवरा चिडला. “अठराशे गेले ना! बड़े लोग आहेत, उद्या काम पडलं तर?” अठराशे गेले, हे खरं आहे. या महिन्यात मला दुसरं घर मिळालेलं नाही. शहराबाहेर राऊला एक घर आहे म्हणतात, लांब पडतं.

दुधाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी हे लिहिते आहे. हात बसावा म्हणून. यानंतर अर्ज लिहायचा आहे. चौदा वेळा घेतलेले एकोणसाठ रुपये परत मागायचे आहेत. नवरा म्हणतो, होस्टेलातल्या एखाद्या मुलाकडून चांगला लिहून घे. नाही. माझ्याच अक्षरात जाईल, चुका असतील तर चुकांसकट. पैसे ते देणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण नाही म्हणायचं असेल तर लेखी म्हणा. मी वाचीन.

पाच तारखेला मी पुन्हा जाणार आहे. मोकळ्या हातानं, डबा न घेता. आणि या वेळी खुर्चीवर बसणार आहे.