तिला कोणी विचारलं होतं?

आमच्या घरात माझ्या तोंडाला कोणी लागत नाही. मी थोरली सून, त्यात तापट. माझी धाकटी जाऊ मात्र अशी, की अंगणातली कोंबडी हाकलायची झाली तरी आधी तिला 'जाय माय' म्हणेल. म्हणून तिचं रडणं गावभर झालं तेव्हा तिच्यापेक्षा माझाच जीव जास्त जळला.

त्या साली बीटी कापसाच्या पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी पडली. बियाणं घेताना दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं, या वाणाला अळी शिवत नाही. पऱ्हाटी दिसायला हिरवीगार, बोंडांनी लगडलेली. जावेनं एक बोंड फोडलं, आत अळी. दुसरं फोडलं, तिथंही तेच. ती ओळीतच मटकन बसली आणि रडत सुटली. पदर कुठं, नाक कुठं, काही भान नाही. आमचा चुलत दीर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा होता. त्यानं मोबाइल काढला आणि ते सगळं टिपून गावच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते पार जिल्ह्याबाहेर गेलं.

त्याचा हेतू वाईट नव्हता, हेही सांगते. नुसती किडकी बोंडं दाखवली तर कोणी बघत नाही, बाई रडताना दिसली की साहेब लोक धावत येतात, असा त्याचा होरा. आणि झालंही तसंच. पंचनाम्याला माणसं आली, शेतोशेत फिरली. पारावर दिराची वाहवा झाली.

जावेचं काय झालं ते पारावरून दिसत नव्हतं. आम्ही दोघी मलकापूरला बांगड्या भरायला गेलो. दुकानातल्या चाचीनं तिचा हात हातात घेतला आणि तोंडाकडे बघतच राहिली. "तू वोइच ना बेटी, मोबाइलवाली? मैं बी रोई तेरे साथ." चाचीच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. जावेनं हात काढून घेतला. त्यानंतर ती बाजाराला येईना, लग्नकार्याला येईना, माहेरीसुद्धा जाईना.

"बाई, लोक मले पाह्यतात अन् त्याइले ते रडनंच दिसते," एवढंच म्हणाली.

मी पदर खोचला आणि थेट पारावर गेले. सुनांनी तिथं उभं राहायचं नाही अशी रीत आहे. म्हटलं, रीत काय एकट्या सुनांनीच पाळायची?

"भाऊजी, तिले इचारलं होतं काय तुमी?"

"वहिनी, गावाचं भलंच झालं नं."

"भलं गावाचं झालं, घराबाहेर निघनं तिचं बंद झालं. तुमी रडसान तवा मी काढू काय व्हिडिओ?"

पारावर दोघंतिघं हसले. दीर हसला नाही. मान खाली घालून म्हणाला, "म्या काढून टाकतो वहिनी. पन आता तो माह्या हातात नाही राह्यला."

तेही खरंच होतं. वाऱ्यावर गेलेलं भूस कोण गोळा करणार? पण त्यानं एक केलं. त्याच ग्रुपवर, स्वतःच्या आवाजात सांगितलं, "वहिनीले न इचारता काढला, चुकलं माह्यं. कोनाजवळ असंन तर काढून टाका." आमच्याकडे पुरुष माणूस वहिनीची माफी चारचौघांत मागत नाही. काहींनी टवाळी केली, पण बऱ्याच जणांनी खरंच काढून टाकला. आणि गावात एक नवीन बोलणं सुरू झालं. शेतात कोणाचा मोबाइल वर झाला की कापूस वेचणाऱ्या बाया ओरडायच्या, "आधी इचार बे!" मला ते ऐकून फार बरं वाटायचं.

पुढच्या हंगामात सीतादहीचा दिवस आला. पहिल्या वेचणीआधी घरच्या सुनेनं पऱ्हाटीच्या झाडाला हळदकुंकू लावायचं, दहीभात ठेवायचा, मगच कापसाला हात लावायचा. जाऊ म्हणाली, "तुमीच करा बाई." ते वावर तिच्या वाट्याचं, मानही तिचाच. मी फटकन सांगितलं, "मी नाही करत. तू नाही आली तर बाया बसतीन धुऱ्यावर तशाच." बायांना ताटकळत ठेवणं तिच्या स्वभावात नाही. आली.

दहीभाताचं पान घेऊन ती झाडापाशी वाकली तेवढ्यात दीर आला. हातात मोबाइल होता. मला वाटलं, आता ही उठून घरी जाते.

दीर लांबच थांबला. "वहिनी, दहीभात ठेवता तेवढा एक फोटो काढू काय?"

तिनं मान वर केली. वर्षभरात पहिल्यांदा तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं असेल.

"नाही."

"हाव," तो म्हणाला, आणि मोबाइल खिशात घातला.

ती पान हातात धरूनच माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "बाई, म्या नाही म्हटलं, अन् थांबले ते." दहीभात ठेवला, हात जोडले आणि सगळ्यांच्या आधी पहिल्या ओळीला लागली.