दोन्ही रस्ते एकाच गावाला

त्या उन्हाळ्यात लातूरचे नळ कोरडे पडले होते आणि गल्लीत आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा. पाण्याची रेल्वे येणार होती. तिच्या स्वागताचे फलक पाण्याच्या आधी पोचले होते. शेजारी नवा जिल्हा होणार अशीही हवा होती, आणि अजून न झालेल्या जिल्ह्याचे शिल्पकार चौकाचौकात हात जोडून उभे होते, फ्लेक्सवर.

मी एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. रविवारची टेस्ट संपली की चार मुलं दुपारभर वर्गातच रेंगाळायची, कारण होस्टेलच्या पत्र्याखाली बसवत नसे. पुण्याला इंजिनिअरिंगला गेलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला एक खेळ दिला होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपण काय करणार ते सांगायचं. जमेल की नाही अशी शंका आली तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. नियमांचं पुस्तक जाडजूड होतं. मी ते वाचलं नाही. जाड पुस्तकाच्या नोट्स काढून देणं हाच माझा धंदा होता.

गोष्ट मी रचली. राजाला नवा जिल्हा करायचा आहे, दोन गावं मुख्यालयासाठी भांडताहेत, आणि शिक्का घेऊन निघालेल्या चौघांनी तो कुणाला द्यायचा ते ठरवायचं. पहिल्याच फाट्यावर मी म्हणालो, "आता काय करता?"

भोकरचा मुलगा म्हणाला, "सर, ऑप्शन सांगा ना."

"ऑप्शन नाहीत. वाटेल ते करा."

"असं कसं सर? चारपैकी एक तर बरोबर असंलच की."

माझ्या चेहऱ्याकडे बघून ते उत्तर शोधू लागले. दोन वर्षं आम्ही त्यांना तेच शिकवलं होतं. शेवटी मीच म्हणालो, डावा रस्ता किंवा उजवा. त्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं, कारण मी गाव एकच लिहून आणलं होतं. डावीकडे गेले तर ते डावीकडे, उजवीकडे गेले तर उजवीकडे. प्रश्नपत्रिका काढताना मी उत्तर आधी लिहितो आणि प्रश्न नंतर. त्यात काही गैर आहे असं कधी वाटलं नव्हतं.

नायगावची मुलगी मात्र पर्याय खोडून बघणारी होती. मेडिकलच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसत होती. घरच्यांनी हे एकच वर्ष दिलं होतं. यंदा नंबर लागला नाही तर लग्न, हे तिने टेस्टचे मार्क सांगावेत तसं सांगितलं होतं. डावीकडच्या गावात चौघं पोचले, वेशीवर लंगडा म्हातारा भेटला, सात पायऱ्यांची विहीर दिसली. ती म्हणाली, "मी एकटीच माघारी जाते. उजवा रस्ता बघून येते."

मला दुसरं गाव ऐनवेळी सुचेना. विहिरीला मी नऊ पायऱ्या केल्या, पण म्हातारा तसाच राहिला.

"सर, हे तर तेच गाव हाय."

"नाही, वेगळं आहे."

"मग म्हातारा माझ्या आधी कसा काय आला? तेही लंगडत?"

"हिला सीआयडीत घ्या सर," भोकरचा मुलगा म्हणाला. सगळे हसले. ती हसली नाही. "म्हंजे आम्ही कुठंबी गेलो असतो तरी हेच होतं. मग विचारलं कशाला?"

पुढच्या रविवारी नीट लिहून आणतो, एवढंच मी म्हणालो.

त्याच आठवड्यात तिच्या होस्टेलवर कागद लागला. पाणीटंचाईमुळे ज्यांना स्वेच्छेने गावी जायचे असेल त्यांनी रविवारपर्यंत जावे. सोमवारपासून मेस बंद. परीक्षेला महिनाही उरला नव्हता. ती म्हणाली, "सर, तुम्ही बोलून बघा ना. घरी गेले की अभ्यास व्हत नाही. पाहुणे बघायला यायलेत."

मी गेलो. होस्टेलच्या मालकांनी मला चहा पाजला. "मी कुठं कुणाला काढलं सर? पोरींवर सोडलंय. राहायचं तर राहू द्या की खुशाल." मागे रिकामे ड्रम आडवे पडले होते. तो माणूस खोटंही बोलत नव्हता, टँकर त्यालाही मिळत नव्हता. क्लासच्या संचालकांनी माझं म्हणणं गंभीरपणे ऐकून घेतलं. ते सगळंच गंभीरपणे ऐकतात. माझ्या दोन खोल्यांत आम्ही पाच जण एका टाकीवर होतो. तिला घरी आणू का विचारल्यावर बायकोने नाही म्हटलं नाही, फक्त टाकीचं झाकण उघडून दाखवलं.

रविवारी मी दोन वेगळी गावं लिहून नेली, बारा पानं. फासा सगळ्यांसमोर टाकायचा, हेही ठरवलं. ती ट्रंक घेऊनच आली होती. फाट्यावर पोचल्यावर म्हणाली, "मी शिक्का कुणालाच देत नाही. इथंच थांबते, विहीर खणते."

माझी बारा पानं तशीच राहिली. "पंधराच्या वर पडलं तर पाणी," मी म्हणालो.

चार पडले.

भोकरचा मुलगा म्हणाला, "पुन्हा टाकू द्या ना सर. चाललीय ती."

सगळे माझ्याकडे बघू लागले. पुन्हा टाक म्हणणं माझ्या हातात होतं. त्या आठवड्यात माझ्या हातात असलेली ती एकच गोष्ट होती, म्हणूनच तिचा मोह जास्त झाला.

"नगं," ती म्हणाली. "तसं पाणी लागलं तर ते तुमचं गाव झालं. मी दुसरीकडं खणते. एक दिवस गेला असं धरा."

नऊ पडले. आणखी एक दिवस गेला. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला. नायगावकडे जायची एसटी साडेचारची होती. तिने फासा माझ्यासमोर ठेवला आणि ट्रंक उचलली.

"मी गेले असं लिहू नका सर. खणत राहिले असं लिहा."

मी तसं लिहिलं. रिक्षा गेल्यावर भोकरच्या मुलाने विचारलं, तिच्या वतीने आपण टाकायचा का. मग त्यानेच फासा डबीत ठेवला आणि गतीच्या समीकरणांचं पुस्तक उघडलं.