मधली सुट्टी होईपर्यंत

"रडायचं असेल त्याने मधल्या सुट्टीत रडावं, तासाला आनंदी राहायचं," असं निंबा मास्तर सातवीच्या वर्गाला एकदा म्हणाले, आणि तोच वर्गाचा नियम झाला.

हे म्हणताना त्यांचा स्वतःचा चेहरा कसा होता, ते विचारू नये. पारोळ्याहून सुरतेला आलेला हा माणूस मास्तर होण्याआधी दोन वर्षं कापडाच्या कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता. त्या दोन वर्षांत डावा कान गेला. हसू कुठे गेलं, ते त्यांनाही सापडलं नाही.

शाळा मराठी, सातवीपर्यंतची, सुरतेतल्या पर्वत पाटिया भागाच्या मागे. दोन्ही बाजूंना कापडाचे कारखाने, त्यामुळे भिंती दिवसभर थरथरत. पोरं खानदेशी कारागिरांची, त्याच खडखडाटात वाढलेली. ओरडून बोलणं आणि समोरच्याच्या ओठांवरून त्याचं बोलणं ओळखणं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण येत होतं. मास्तरांनाही येत होतं.

प्लेग येऊन गेला. शहर धुऊन निघालं, रस्ते स्वच्छ झाले, तेव्हा कापड बाजारातल्या काही सज्जनांच्या लक्षात आलं की लोकांची मनं झाडायची राहून गेली आहेत. त्यांनी सूर्यमुखी क्लब काढला आणि 'आशावादी शाळा' स्पर्धा जाहीर केली. पहिल्या येणाऱ्या शाळेला क्लब आठवीचा वर्ग काढून देणार होता.

मास्तरांना ती आठवी हवी होती. सातवी झाली की शाळेतल्या मुली घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवत. सातवीतल्या योगिताला मात्र नर्स व्हायचं होतं, आणि ती होईल असं मास्तरांना वाटायचं. असं त्यांना फारसं कुणाबद्दल वाटत नसे.

मग त्यांनी पाढे घ्यावेत तसा आशावाद घेतला. प्रश्न कोणताही असो, आधी हसायचं, मग 'छान वाटतं' म्हणायचं. मोठ्या माणसाचं म्हणणं खोडायचं नाही. उत्तर आलं की सगळ्यांनी टाळ्या.

"वाल्मिक, तुझ्या वडिलांना शेठनं कामावरून काढलं. कसं वाटतं?"

"छान वाटतं सर! आता बाप दिनभर घरीच ऱ्हास!"

टाळ्या.

पंधरवड्यात योगिताची आई धुरपदाबाई तक्रार घेऊन आली. "मास्तर, काय शिकाडी ऱ्हायनात तुम्ही? तिना बाप रातपाळी करीसन येस, आन हाई दात काढस. त्याले वाटस त्यालेच हासी ऱ्हायनी. काल मार खादा तिनी, ते बी हासतच!"

"मार खाताना हसली?" मास्तर म्हणाले. "मंग पास व्हयनी ती, धुरपदाबाई."

"तुम्हले बी कोनी मारा मंग," असं म्हणून ती निघून गेली.

स्पर्धेत या शाळेची पाळी आली त्या दिवशी क्लबचे अध्यक्ष बन्सीलाल शेठ आले. सोबत क्लबचे चिटणीस. मंचावर सूर्यफुलं होती, कागदाची. खरी सूर्यफुलं कार्यक्रमभर टवटवीत राहतील याची क्लबला खात्री नव्हती. पोरांनी स्वागतगीत असं ओरडून म्हटलं की शेठ खुर्चीत मागे सरकले. "क्या उत्साह है!" ते म्हणाले. लूमशेजारी राहणारं पोर अंगाई गाणंसुद्धा याच आवाजात म्हणतं, हे त्यांना कोण सांगणार? लूम त्यांचेच होते, पण ते कधी त्यांच्याशेजारी राहिले नव्हते.

टाळ्या चालू असताना शेठ चिटणिसांच्या कानाशी झुकले. "लड़के लूम पर जाएँगे, लड़कियाँ टिकली चिपकाएँगी. आठवीं का क्या अचार डालना है?"

ऐकू दुसऱ्या कुणालाच आलं नाही. पहिल्या रांगेतल्या योगिताला आणि भिंतीशी उभ्या असलेल्या मास्तरांना ते दिसलं.

शेठनी नेमकं योगितालाच उठवलं. "बेटी, बड़ी होके क्या बनोगी?"

योगिता आधी हसली. नर्स हे उत्तर महिनाभर पाठ होतं. पण मोठ्या माणसाचं म्हणणं खोडायचं नाही, हेही पाठ होतं, आणि मोठा माणूस आत्ताच बोलून गेला होता.

"साड़ी पे टिकली चिपकाऊँगी, साहब!" ती ओरडली. "छान वाटतं!"

वर्गाने कडकडून टाळ्या वाजवल्या.

शेठचे डोळे भरून आले. आपलंच वाक्य परत आलंय हे त्यांना कळलं नाही. आपला विचार कुणा लहानग्याच्या तोंडून निघाला की माणसाला तो ईश्वरी वाटतो. त्यांनी माईक घेतला. पहिला नंबर याच शाळेचा, सूर्यमुखी ढालही इथेच. मात्र कडोदऱ्याच्या शाळेत काल एक पोरगा पुढे शिकायचंय म्हणून मंचावरच रडला होता. "वो बच्चे दुखी हैं, उनको ज़रूरत है. आठवीं उनको देंगे. यहाँ तो सब संतुष्ट हैं!"

पुन्हा टाळ्या. नियम तसाच होता.

मास्तरांना मंचावर बोलावलं. त्यांनी ढाल घेतली. फोटोवाला म्हणाला, "मास्तर, जरा हसा की." तेवढ्यात योगिता उभी राहिली. ती अजून हसतच होती. फक्त हनुवटी थरथरत होती, शाळेची भिंत थरथरते तशी.

"सर," ती सगळ्या सभेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मधली सुट्टी झाली का?"

मास्तरांनी ढाल खुर्चीवर ठेवली, कागदाच्या सूर्यफुलांमधून मंच उतरले, आणि व्हरांड्यात जिथे सुट्टीची घंटा टांगलेली असे त्या बाजूला बाहेर पडले.