सहदेव मास्तरांचं दार

सहदेव मास्तर पोलादपूरकडचे, महाडच्या शाळेत शिकवत. त्यांच्या आजोबांनी ख्रिस्ती धर्म घेतला होता, म्हणून महाडात त्यांच्या घरचं पाणी फारसं कोणी पीत नसे. मास्तरांना त्याचं काही नव्हतं. घाटावर दुष्काळ पडला की वरंध्याच्या वाटेने खाली उतरणारी माणसं मात्र त्यांच्याच ओट्यावर टेकत आणि मास्तरांची बायको, राहीबाई, त्यांना पेज वाढत असे. परका दारात आला म्हणजे प्रभूच आला, असं मास्तर मानत. वर्गात हे ते कधी बोलले नाहीत. तिथे अर्थशास्त्राच्या चार गोष्टी सांगत आणि शनिवारी आम्हाला वाद घालायला लावत.

एकोणीसशे एकतीसच्या उन्हाळ्यात, सुट्टीआधीचा शेवटचा वाद होता: परमुलखाच्या मजुराला पोसावं का? मी, वरंधचा कुशाबा, नको म्हणणाऱ्यांच्या बाजूने उभा राहिलो. फुकट पेज मिळते म्हणून हे लोक येतात, निम्म्या मजुरीत खडी फोडतात आणि आपल्या माणसांच्या पोटावर पाय देतात, असं मी ठासून सांगितलं. बोलताना मुद्दाम मास्तरांकडेच बघत होतो. इतका शहाणा मी पुन्हा कधी झालो नाही! मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला नंबर मलाच दिला. "मुद्दा बिनतोड आहे," ते म्हणाले. "याचं उत्तर मला घरी जाऊन शोधायला हवं."

सुट्टीत मी वरंधला गेलो. एका दुपारी घरची सगळी शेतावर होती. दारात घाटावरची एक बाई येऊन उभी राहिली. अंगाची नुसती काडी झालेली.

"दादा, घोटभर पेज आसंल तर द्या."

पेज होती, म्हशीसाठी काढून ठेवलेली. पण तो पहिला नंबर माझ्या डोक्यात गेला होता.

"महाडात किरिस्ताव मास्तर हाय, तो देतो फुकट. तिकडं जा."

"लांब हाय का?"

"नाय गो, जवळच हाय."

आम्ही डोंगरातली माणसं वाटसरूला नेहमी हेच सांगतो. अर्ध्या दिवसाची चाल असली तरी जवळच. आमच्या पायांना ते जवळच असतं. तिच्या पायांचा मी विचार केला नाही. "बरं," म्हणून ती निघाली.

बिरवाडीच्या अलीकडे, एका आंब्याखाली तिने प्राण सोडला. मला हे जूनमध्ये शाळा उघडल्यावर कळलं. वाटेत भेटेल त्याला ती एकच विचारत होती म्हणे, मास्तरांचं घर जवळच हाय ना? एका गाडीवानाने निरोप आणला, मास्तर धावत गेले, पण उशीर झाला होता. तिला मूठमाती त्यांनीच दिली.

"तिला माझ्याकडे कोणी पाठवलं ते कळलं तर बरं होईल," मास्तर वर्गात म्हणाले. "त्या भल्या माणसाचे आभार मानायचेत. कोणाला तरी माझं दार आठवलं."

मी वहीत मान घातली. त्यांनी फोडून काढलं असतं तर मी सुटलो असतो.

पुढे दर रविवारी प्रार्थना आटपली की मास्तर पेजेची कळशी घेऊन त्या आंब्याखाली जाऊन बसत, कोणी उतरून येतंय का बघत. कळशी मी उचलत असे. लोक माझं कौतुक करत. भर उन्हात त्या वाटेवर मागून अनवाणी पावलं वाजायची आणि मी थांबलो की थांबायची. मास्तरांना ती कधी ऐकू आली नाहीत. अजूनही कोणी मला वाट विचारली की मी आधी मागे वळून बघतो.

अडतीस साली मास्तरांनी अंथरूण धरलं. एका दुपारी मी पायाशी बसलो होतो, राहीबाई विहिरीवर गेल्या होत्या. मास्तरांनी डोळे न उघडताच विचारलं, "कुशाबा, तिला पाठवणारा माणूस अजून आला नाही रे. फार लांब राहतो का?"

सात वर्षं गिळलेलं सगळं ओठांशी आलं. बाहेर पडलं ते एवढंच, "नाय मास्तर, जवळच हाय."

"बरं," ते म्हणाले, आणि दाराकडे तोंड करून वाट बघत पडून राहिले. तिसऱ्या दिवशी ते गेले. तोवर मी त्यांच्या पायाशीच बसून होतो.