नावं म्हणायची असतात

माझ्या मैत्रिणीच्या सासूबाईंइतकी धोकादायक पाहुणी न्यूझीलंडच्या विमानतळावर आजवर उतरली नसेल. तपासणीत त्यांचं मेतकूट काढून घेतलं आणि त्यांना मात्र आत सोडलं. कऱ्हाडच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या काकू ऑकलंडजवळच्या पुकेकोहेला मुलाकडे राहायला आल्या, त्या प्रश्न घेऊनच. कुठल्याही जमिनीवर पाय ठेवला की त्या विचारत, ही आधी कोणाची होती? भाजीच्या स्टॉलवरच्या गुजराती शेतकऱ्याने सांगितलं, वडिलांची. वडिलांनी कोणाकडून घेतली? एका गोऱ्याकडून. आणि त्याने? तो बिचारा कांदे तोलायचा थांबला. एका वास्तुशांतीला तर त्यांनी यजमानांना, इथे पूर्वी कोणी मारलं गेलं होतं का, असं प्रसाद हातात घेऊन विचारलं. नातू त्यांचा पदर ओढत म्हणत होता, "आजी, प्लीज, नॉट हिअर."

मुलगा-सून दिवसभर ऑकलंडला ऑफिसात. मी घरून काम करणारी शेजारीण, त्यामुळे काकूंना गाडीतून फिरवणं माझ्याकडे आलं. लायब्ररीतून त्यांना कळलं होतं की आपण राहतो त्या पट्ट्यात दीडशे वर्षांपूर्वी युद्ध झालं. एका बाजूला सरकारी फौज आणि नवे वसाहतवाले, दुसऱ्या बाजूला जमीन न सोडणारे माओरी, आणि काही माओरी सरकारच्याही बाजूने. "म्हणजे घरातलंच भांडण," काकू म्हणाल्या, "आणि घरातल्या भांडणावर कोणी बोलत नाही." तेव्हापासून रस्त्यात उंचवटा दिसला की मला गाडी थांबवावी लागे. त्यातले निम्मे उंचवटे गुरांसाठी केलेले निघत, पण काकू प्रत्येकापुढे चप्पल काढून उभ्या राहत.

अर्ध्या तासावरच्या एका टेकडीवर त्या युद्धातल्या एका लढाईत मेलेल्यांचा दगडी स्तंभ आहे. त्याची अक्षरं झिजली होती आणि ती नव्याने कोरायला गावातल्या समितीने शनिवारी सकाळी सभा बोलावली होती. काकूंनी मला नेलंच. हॉलमध्ये वीसेक माणसं, चहा, स्कोन्स. अध्यक्ष एक लालबुंद, भला शेतकरी. त्याच्या पणजोबांच्या भावाचं नाव त्या स्तंभावर होतं. दाराजवळ काठी घेऊन एक वृद्ध माओरी गृहस्थ बसले होते. दर सभेला ते तिथेच बसतात आणि काही बोलत नाहीत, असं कोणीतरी मला सांगितलं.

अध्यक्षाने कोरायचा मजकूर वाचला. वसाहतवाल्यांची सात नावं, आणि खाली, "व अनेक नेटिव्ह". काकूंचा हात वर गेला.

त्या इंग्रजीत, वर्गात विचारावं तसं म्हणाल्या, "अनेक म्हणजे कोण कोण?"

कपबश्यांचा आवाज थांबला. अध्यक्ष शांतपणे म्हणाला की बाई, राग मानू नका, पण हा तुमचा इतिहास नाही.

"बरोबर आहे. म्हणून मला विचारता येतं. तुम्ही शेजारी-शेजारी राहता, तुम्हाला जड जातं."

कोणीतरी खुर्ची मागे सारली. आता आम्हाला बाहेर काढणार, असं मला वाटलं. पण दाराजवळचे गृहस्थ काठीवर भार देऊन उठले. "नावं आम्हाला माहीत आहेत," ते म्हणाले. "दर वर्षी आमच्या सभागृहात आम्ही ती म्हणतो. तुमच्यातलं कोणी येत नाही."

अध्यक्षाचा चेहरा आणखी लाल झाला. "आम्हाला कोणी बोलावलं नाही."

काकूंनी टेबलाखाली माझं मनगट गच्च धरलं होतं. या बाईंनाही भीती वाटते, हे मला तेव्हा कळलं.

"आता बोलावतो," म्हातारबुवा म्हणाले आणि बसले.

कोरीवकाम पुढे ढकललं गेलं. वसंतात आम्ही त्यांच्या सभागृहात गेलो. दारात चपला काढून आत गेलो, तर अध्यक्ष कोपऱ्यात मोज्यांवर अवघडून उभा होता. काकूंनी वही उघडली तेव्हा म्हातारबुवांनी नकारार्थी मान हलवली. स्तंभावर ही नावं घालायची की नाही, ते त्या मृतांची घराणी ठरवतील; तोवर ती लिहायची नाहीत, म्हणायची. काकूंनी निमूटपणे वही मिटली आणि ऐकू लागल्या. अकरा नावं होती. परतताना गाडीत त्या ती पुटपुटत होत्या, परवचा म्हणावा तशी.

कऱ्हाडला मागे राहिलेले काका आजारी पडले आणि काकू परतल्या. वर्षभराने एका दुपारी फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "अगं, नववं नाव आठवत नाहीये. चार दिवस झाले." मी तर एकही पाठ केलं नव्हतं. सांगायला लाज वाटली, पण सांगितलं.

त्या वसंतात मी एकटीच गेले. अध्यक्ष या वेळी बायकोला घेऊन आला होता. मी बोटांवर मोजत ऐकलं आणि बाहेर येऊन गाडीतूनच फोन लावला. काकूंनी नाव दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं, मग स्वतः म्हटलं, सावकाश.

"वय काय होतं गं त्याचं?"

ते मी विचारलं नव्हतं.