ब्रीशाची पाटी

ब्रीशा फॅरागर रॅमसी गावातल्या बेकरीत कामाला होती, आणि तिच्या शब्दाला गावात किंमत होती. पाव कालचा असला तर गिऱ्हाइकानं विचारायच्या आधीच ती सांगून मोकळी व्हायची, "कालचा आहे हो, न्यायचा तर न्या." मालक कपाळाला हात लावायचा, पण लोक यायचे ते तिच्याचकडे. लग्न तिनं केलं नाही. घरी आई आणि बराच धाकटा भाऊ ऑरी. वडील लवकर गेले, तेव्हा ऑरीला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं तिनंच केलेलं.

ऑरी मोठा होऊन गिलाव्याची कामं करायला लागला. नखांत चुना, केसांत चुना. आणि सप्टेंबरात आमच्या बेटावर हौशी लोकांची शर्यत असते, तीत मोटरसायकल पळवायला लागला. बोटीतून उतरणारे पाहुणे आम्हाला विचारतात, असा जीव धोक्यात का घालता बाबांनो? जसं काही आम्हाला ठाऊकच नाही. रस्ता रोजचाच, बाजाराला जायचा. दोन्हीकडे दगडी भिंती, खांब, लोकांची फाटकं. पडलात आणि खांबाला बांधलेला गवताचा भारा आडवा आला तर नशीब. बहुतेक वर्षी कुणाच्या तरी घराचे पडदे दुखवट्यानं ओढलेले असतात, आणि आम्ही गरम सूपचं भांडं घेऊन त्या घरी जातो. तरी पुढच्या सप्टेंबरात पुन्हा कुंपणावर जाऊन बसतो. याला काय म्हणायचं ते म्हणा.

आईनं ऑरीला एकदा विचारलंच, "मिळतं काय रे तुला त्यात?"

"आठवडाभर भिंतीला नाक लावून उभा असतो गं. एक दिवस भिंती मागं पळताना बघू दे की."

"आणि एखादी नाही पळाली म्हणजे?"

"मग तिला गिलावा करून येतो," तो म्हणाला आणि बहिणीकडे बघून डोळा मारला. ब्रीशा हसली. खरं सांगायचं तर तिलाही ते वेड होतं. खालून चढत येणाऱ्या गाड्यांच्या आवाजासाठी ती वर्षभर जीव टाकायची.

या शर्यतीत सगळे एकदम सुटत नाहीत. दहा-दहा सेकंदांनी एकेकाला सोडतात, त्यामुळे रस्त्यावर पुढे कोण दिसतंय याला काही अर्थ नसतो. आपण कितवे आहोत हे स्वाराला सांगायचं ते रस्त्याकडेला उभ्या असलेल्या त्याच्या माणसानं, पाटीवर लिहून. ऑरीची पाटी ब्रीशा धरायची. रॅमसी सोडून डोंगर चढायला लागलं की एक अवघड वळण आहे, तिथं गाड्या हळू होतात. तिथं ती कानाला रेडिओ आणि हातात खडू घेऊन उभी राहायची. ऑरी सगळ्यांना सांगायचा, "पाद्रीबाबा खोटं बोलेल एक वेळ, ब्रीशाची पाटी नाही बोलायची."

एका वर्षी सरावातच शेजारचा मुलगा गेला. शर्यतीच्या सकाळी आईनं ब्रीशाला दारात गाठलं. तिनं हात जोडले.

"डोंगरावर रस्ता ओला आहे म्हणतात. तू पाटीवर काय वाट्टेल ते लिही, पण त्याला हळू आण."

"आई, असं कसं लिहू?"

"माझ्यासाठी लिही. मला दुसरं काही नको."

शेवटच्या फेरीआधी रेडिओ म्हणाला, ऑरी दुसरा, पील गावच्या नॉर्मन स्किलिकॉर्नच्या तीन सेकंद मागे. तीन सेकंद म्हणजे ऑरीच्या आवाक्यातली गोष्ट. ब्रीशा खडू धरून उभी राहिली. मग तिनं लिहिलं, पहिला, दहानं पुढे. ऑरीनं पाटी बघितली, हात हलवला, आणि वरच्या चढाला त्याच्या गाडीचा आवाज मऊ झाला. तिला रडू आलं, सुटकेचं.

तो सुखरूप आला. हेल्मेट काढून दिसेल त्याला मिठ्या मारत सुटला, जिंकलो म्हणून. तेवढ्यात कर्ण्यावरून स्किलिकॉर्नचं नाव पुकारलं. सगळ्यांसमोर हसं झालं पोराचं.

शर्यतीसाठी बंद केलेले रस्ते उघडल्यावर ब्रीशा खाली आली, तेव्हा तो गाडी पुसत होता.

"चुकलीस का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"म्हणजे मुद्दाम?"

"रस्ता ओला होता, ऑरी."

"रस्ता मला दिसत होता गं. जे दिसत नव्हतं तेवढं तुला विचारलं होतं." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आईचं नाव ब्रीशानं घेतलं नाही.

वर्षभर त्यानं विषय काढला नाही. फक्त दारूच्या गुत्त्यात कुणी चिडवलं तर म्हणायचा, "आमच्या ब्रीशाला दया येते, आणि ती पाटीवर उतरते." लोक हसायचे. पुढचा सप्टेंबर आला तेव्हा तिनं भीत भीत विचारलं, पाटी कोण धरणार? "तूच की. तुझ्याशिवाय आहे कोण मला," तो म्हणाला. हे ऐकून ती खुळी इतकी हरखली की रात्री पाटी धुऊन, पुसून, उशाशी घेऊन झोपली.

त्या दिवशी लख्ख ऊन होतं आणि ऑरी असा पळवत होता की बघणारे बोलायचे थांबले. शेवटच्या फेरीआधी रेडिओ म्हणाला, फॅरागर पहिला, स्किलिकॉर्नपेक्षा वीस सेकंदांनी पुढे. वीस! आता त्यानं निवांत डोंगर ओलांडला असता तरी चाललं असतं. ब्रीशानं लिहिलं, पहिला, वीसनं पुढे. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, खाली मोठ्या अक्षरांत आणखी एक शब्द लिहिला, खरंच.

तो वळणावर आला. गाडी हळू झाली. त्यानं मान वळवून पाटी वाचली, अगदी पुरती वाचली, आणि तिच्याकडे बघून हेल्मेट नकारार्थी हलवलं, लहानपणी औषध नको म्हणून हलवायचा तसं. मग टाकीवर आडवा झाला आणि मूठ पिळली. वर जाईपर्यंत आवाज कमी झालाच नाही. "अरे खरं आहे रे," ती रस्त्याकडे बघून म्हणत राहिली. पुढच्या नोंदीच्या ठाण्यावरून स्किलिकॉर्न पार झाल्याचं रेडिओनं सांगितलं, आणखी दोघे पार झाल्याचं सांगितलं. ऑरीचं नाव आलं नाही.

त्याला घरी आणलं, पुढच्या खोलीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी स्किलिकॉर्न आला. जिंकलेला चषक त्यानं शवपेटीशी ठेवला आणि टोपी चुरगाळत उभा राहिला. भला माणूस, पण बोलायचं काय ते त्याला कळेना.

"मी त्याच्या जवळपासही नव्हतो हो," तो आईला म्हणाला. "माझ्या माणसानं मला लिहून दाखवलं होतं, वीस सेकंद मागे. एवढं कशाला ताणलं त्यानं? कुणासाठी?"

तो गेला. आईनं बराच वेळ चषकाकडे बघितलं, मग ब्रीशाकडे.

"तू लिहिलं होतंस ना गं, पुढे आहे म्हणून?"

"लिहिलं होतं."

"मग बघितलं नाही का त्यानं?"

ब्रीशाला ते हललेलं हेल्मेट दिसत होतं. खरं सांगितलं तर मागच्या वर्षीच्या पाटीचं निघालं असतं, आणि दारात कुणी हात जोडले होते तेही निघालं असतं. आई उरलेलं आयुष्य तेच धरून बसली असती.

"ऊन त्याच्या डोळ्यांवर होतं, आई," ती म्हणाली. "पाटी दिसलीच नाही त्याला."

आईनं डोळे पुसले. ब्रीशा सांगतेय म्हणजे तसंच असणार, तिनं मान हलवली, आणि चहाचं पाणी ठेवायला उठली.